कोट जुना, खांदा आपला

विक्रोळीत, त्यातही कन्नमवार नगरात राहणाऱ्या माणसाला वर्षातून दोनदा सुटाचा विषय चुकत नाही. एकदा १४ एप्रिलच्या आधी आणि एकदा मे महिन्यात, आपल्याकडची लग्ने लागतात तेव्हा. यंदा तो ऐन पावसाळ्यात निघाला. निमित्त झाले शेजारच्या काकींच्या नातवाचे.

पोरगा मॅनेजमेंटचा कोर्स करतो. कॉलेजने नोटीस लावली की, मुलाखती घ्यायला कंपन्या येणार आहेत, मुलांनी सूट आणि टाय घालूनच यावे. नवा सूट शिवायचा तर कापड आणि शिलाई धरून दहा हजारांच्या घरात जातो. बाप सिक्युरिटीत, आई पवईला दोन घरी स्वयंपाक करते. पोरगा मला जिन्यात गाठून म्हणाला, "काका, पार्कसाइटला जुने सूट मिळतात. मित्राने सातशेला घेतला. पण आजी घरात आणू देत नाही. तुम्ही जरा समजवा."

मी समजवायला गेलो. काकींनी चहा ठेवला आणि मलाच समजावले. काकी सातारा जिल्ह्यातल्या. छप्पन साली त्या अकरा वर्षांच्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, मढ्यावरचं कापड आमच्या बापानं लई येळा घरी आणलंय. माझी पहिली चोळी त्यातलीच. दीक्षा घेतली आन् बापानं ते काम सोडलं. आता माझ्या नातवानं पुन्हा कुणाचं तरी अंगावरून उतरलेलं घालायचं? मग दीक्षा घेतली कशाला?"

या प्रश्नाला चटकन उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

काकी बोलल्या ते त्यांच्या घरापुरते नाही. महारकीच्या ज्या बावन्न हक्कांचा गावगाड्यात मोठेपणाने उल्लेख होतो, त्यात प्रेतावरचे वस्त्र हाही एक 'हक्क' होता. मेलेली ढोरे ओढायची, सांगावे पोहोचवायचे आणि मोबदल्यात हे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने मृताची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यात जेवावे, अशी आज्ञाच आहे. म्हणजे दुसऱ्याचे उतरलेले कापड अंगावर असणे ही केवळ गरिबी नव्हती, तो कायदा होता. चांगले कापड परवडत असले तरी नेसायचे नाही, हा त्या कायद्याचा उरलेला अर्धा भाग. इंदूर संस्थानातल्या बलाई लोकांवर सवर्णांनी लादलेल्या अटी बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिसंस्थेचे उच्चाटन'मध्ये मांडल्या आहेत. त्यात जरीकाठी पगडी आणि रंगीत काठाचे धोतर यांना बंदी होती. १९३० साली मद्रास इलाख्यातल्या रामनाड जिल्ह्यात कल्लरांनी आदिद्रविडांवर जी बंधने घातली, त्यात तर पुरुषांनी कोट, सदरा, बनियन घालायचा नाही असे स्पष्ट कलमच होते. कोट! काढून टाका म्हणायला ज्याच्या अंगावर सदराही नाही, त्याच्या कोटाची धास्ती घेणारे हे लोक. आणि हे फार जुनेही नाही. २०२३ साली गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारल्याची फिर्याद एका दलित तरुणाने दिली.

बाबासाहेबांच्या सुटाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लागतो. गांधीजींनी सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईला अंगरखा उतरवला, त्याचे कौतुक झाले. बाबासाहेबांनी सूट घातला तर 'साहेब झाला' म्हणून नाके मुरडली. ज्याला कपडे उतरवण्याची चैन परवडते त्याने उतरवावेत. यावर आपल्या पानांत पुष्कळ लिहून झाले आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

मला प्रश्न पडला तो पुढचा. सूट हा स्वाभिमान, हे ठरले. पण तो स्वाभिमान सातशे रुपयांत जुना मिळत असेल तर घ्यायचा की नाही?

मी काकींना एक युक्तिवाद करून पाहिला. म्हटले, "काकी, वापरलेले कापड वाईट असेल तर आपण नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात काय बघायला जातो? तिथे बाबासाहेबांचे वापरलेले कोटच तर जपून ठेवलेत." काकींनी कप खाली ठेवला. "ते बाबांचं हाय. हे कुणाचं?"

मी निरुत्तर. पण सवाल बरोबर होता. हे कुणाचे, आणि आपल्यापर्यंत आले कसे? म्हणून पोराला घेऊन निघालो.

पवईच्या टेकडीवरच्या उंच इमारतींतून जुने कपडे खाली उतरतात ते दोन वाटांनी. एक वाट म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईला मालकीण पिशवी भरून देते ती. दिवाळीच्या बोनसऐवजीही देते आणि वर उपकार केल्याचा चेहरा करते. दुसरी वाट बोहारणीची. डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन ती इमारतीखाली हाक मारते आणि साड्या-पँटींच्या बदल्यात स्टीलची पातेली देते. कोट-पँट आली तर भांडे मोठे मागतात. मुंबईत हा धंदा मुख्यतः गुजरातेतून आलेल्या, लोक ज्यांना वाघरी म्हणतात आणि जे स्वतःला देवीपूजक म्हणवतात, त्या समाजाच्या बायका करतात. दिवसभर जिने चढायचे, वॉचमनची बोलणी खायची. घेतलेले कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुढे विकायचे. कपड्याला दुसरा जन्म मिळतो तो या बाईच्या कष्टाने, आधी ज्याने घातला त्याच्या दयेने नाही. हा फरक मला त्या दिवशी रस्त्याकडेच्या ताडपत्रीसमोर उभा राहिल्यावर नीट कळला. तिथे कुणी कुणाला काही देत नव्हते. भाव सांगत होते, भाव पाडत होते, आणि न पटल्यास गिऱ्हाईक उठून जात होते.

परदेशातून येणाऱ्या जुन्या लोकरी कोटांची गोष्ट आणखी वेगळी. हरियाणातल्या पानिपतला ते आधीच फाडून, कापून येतात, म्हणजे कुणी ते अंगात घालू नयेत. मग त्यांचा पिंजून धागा होतो आणि त्या धाग्याची घोंगडी. भूकंप-पुरात वाटली जायची ती स्वस्त घोंगडी बरीचशी हीच. आफ्रिकेत मात्र कोट सबंध पोहोचतो. घाना देशात, अक्रा शहरातल्या कांतामांतो बाजारात, २०२५ च्या सुरुवातीला आगीत जळाला तोच बाजार, युरोप-अमेरिकेतून आलेल्या गठ्ठ्यांना लोक 'ओब्रोनी वावू' म्हणतात. अर्थ सांगतात, 'गोरा मेला'. इतका चांगला कपडा जिवंत माणूस टाकून कसा देईल, मालक मेलाच असणार, अशी त्यामागची समजूत. म्हणजे काकींचे मढ्यावरचे कापड तिथेही आहे. फक्त तिथला माणूस तो कपडा गठ्ठा फोडून, पारखून, पैसे मोजून घेतो आणि वर गोऱ्याची थट्टाही करतो.

पारखून घेणे हा मुद्दा मोठा आहे. मिळाले ते घालायचे, सैल असले तरी, तोकडे असले तरी, ही गावगाड्याची सवय. आपल्या वस्तीत आजही मोठ्या भावाची पँट धाकट्याला चार दुमडी घालून चालवतात. पारख असेल तर जुना कोट आपला होतो. नसेल तर नवाही दुसऱ्याचा वाटतो. भाड्याच्या सुटातले नवरदेव बघा. मे महिन्याच्या उकाड्यात, मंगलपरिणयाच्या स्टेजवर, कोपरापर्यंत घाम आणि बाही बोटांपर्यंत. त्या तीन तासांसाठी पतपेढीचे कर्ज काढणारेही मला माहीत आहेत.

आमच्याकडे एक जुने टेलरमास्तर आहेत. फोर्टमधल्या दुकानात त्यांनी तीस वर्षे कटिंग केले, आता घरीच अल्टरची कामे करतात. त्यांना सोबत नेले. त्यांनी जे शिकवले ते आपल्या पोरांच्या कामाचे आहे म्हणून सविस्तर सांगतो.

मास्तरांनी कोटाच्या रंगाकडे किंवा लेबलकडे पाहिलेच नाही. पहिला हात खांद्यावर. खांद्याची शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. बाहेर लोंबली तर कोट मोठा, आत राहिली तर बाहीच्या वरच्या बाजूला खळगा पडतो. शंका असेल तर भिंतीला बाजू लावून उभे राहा. दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला लागले, तर तो कोट ठेवून द्या. मास्तर म्हणाले, "पोट आत घेता येतं, बाही कमी करता येते. खांदा उसवला की कोट गेला. परत बसवायचे पैसे नव्या कोटाएवढे होतात." म्हणून जुन्या कोटात खांदा आपला पाहिजे, बाकी सगळे तडजोडीचे.

मग मान. मागून बघायचे. कोटाची कॉलर शर्टाच्या कॉलरला चिकटून बसली पाहिजे. मध्ये बोट जाईल एवढी फट दिसली तर तो कोट ज्याच्यासाठी शिवला त्याची पाठ वेगळी होती. कुणाची वाकलेली, कुणाची ताठ. त्यावर इलाज अवघड. (आपल्याकडे पाठ वाकलेली का असते, हे मास्तरांना सांगायची गरज नव्हती.) नंतर वरचे बटण लावायचे. छातीवर फुलीसारख्या सुरकुत्या ओढल्या गेल्या तर घट्ट. आत मूठ सहज मावली पाहिजे, दोन मुठी मावल्या तर सैल. सैल असल्यास बाजूच्या शिवणी आत घेता येतात. घट्ट असल्यास आत दाब किती ठेवलाय ते अस्तर उचलून बघायचे. जुन्या शिवणाऱ्यांच्या कोटात दाब भरपूर मिळतो, तयार मालात जेमतेम.

बाही मनगटाच्या हाडापर्यंत, खाली शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. उंची एवढी की बैठक झाकली जाईल. कोट लांब असला तर इंचभर कमी करता येतो. त्याहून जास्त कापला तर खिसे खाली उतरल्यासारखे दिसतात. मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, वर असावी. खाली उतरलेल्या मुंढ्याचा कोट हात वर केला की सबंध वर येतो. आपले बाबासाहेब संसदेच्या आवारात बोट उंचावून उभे आहेत ना, ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला, १९६७ साली बसवलेला तो पुतळा. हात उचलायचा तर कोट कसा असावा, हे समजायला तो आठवावा.

कापडाची तपासणी निराळी. कोट उजेडाकडे धरून बघायचा. कसर लागलेली असेल तर टाचणीएवढी भोके दिसतात. एखादे रफू होते, चाळणी झालेली असेल तर सोडून द्या. कोपर आणि पँटची बैठक इस्त्रीने चकाकायला लागली असेल तर ती चकाकी जात नाही. काखेत अस्तर बघा. घामाने पिवळे, कडक झाले असेल तर अस्तर बदलण्याचा खर्च धरा. छातीवर कापडाला बारीक फुगे आले असतील, तर समजा कोणीतरी कोट बादलीत बुडवून धुतला आणि आतला गोंद सुटला. असा कोट फुकटही घेऊ नका. कोट आणि पँट एकाच सुटाची आहे का, हे उन्हात नेऊन पाहा. ट्यूबलाइटखाली काळा आणि गडद निळा भाऊ-भाऊ दिसतात. पँटची कंबर दोन इंचांपर्यंत सुटते, पण पायांची उंची सुटते तेवढीच, जेवढे कापड आत दुमडलेले आहे.

राहिली स्टाइल. कॉलरची पुढची पाती खांद्यापर्यंत पसरलेली असेल तर सत्तरच्या दशकातला माल, शाईच्या रेघेएवढी बारीक असेल तर दहा-बारा वर्षांपूर्वीची फॅशन. मधली घ्या, ती म्हातारी होत नाही. बटणे दोन. डबल ब्रेस्ट रुबाबदार, पण मापात नसेल तर दुरुस्त होत नाही. काळा रंग कोर्टात शोभतो, मुलाखतीत टाळावा. निळ्याबद्दल आपल्याला कोणी सांगायला नको. आणि एक विनंती. बाहीवर कंपनीची पट्टी शिवलेली असते ती काढून टाका, मागच्या चिरेला घातलेला फुलीचा टाकाही उसवा. ते दुकानापुरते असते. आपल्या सभांच्या स्टेजवर चांगले चांगले पुढारी ती पट्टी मिरवताना मी पाहिले आहेत.

जाता जाता मास्तरांची एक नजर सांगतो. पुरुषाच्या कोटाचा वरचा खिसा डाव्या छातीवर असतो. एका कॅलेंडरवर बाबासाहेबांचे पेन उजवीकडे दिसले तेव्हा मास्तर लगेच म्हणाले, "फोटो उलटा छापलाय." आमच्या वीस जणांच्या लक्षात आले नव्हते.

तासभर शोधून एक कोट मिळाला. गडद निळा, दोन बटणांचा, पँटसकट. खांदा पोराच्या हाडावर अचूक. नऊशे सांगितले, पोराने सातशेला पाडले. घालून बघताना त्याने आतल्या खिशात हात घातला आणि थांबला. शिवणाऱ्या दुकानाची पट्टी होती, तीवर शाईने मूळ मालकाचे नाव आणि कोट शिवल्याची तारीख. आडनाव वाचून आम्ही तिघेही एकमेकांकडे बघितले. ज्या आडनावाच्या वाड्यासमोर आपल्या आजोबांनी पायताण हातात घेतले असेल, त्या प्रकारचे ते आडनाव.

पोरगा म्हणाला, "काका, कोट यांचा बसला. पण मुलाखतीत आडनाव माझंच विचारणार."

मला मसूर स्टेशन आठवले. साल १९०१. लहानगा भीमराव भाऊ आणि भाच्यांसह वडिलांना भेटायला कोरेगावला निघालेला. अंगावर नवे कपडे, जरीच्या टोप्या, पायात नवे बूट, रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरला वाटले ब्राह्मणाचीच पोरे. चौकशी करायला जवळ आला. पोराने महार म्हणून सांगितले मात्र, त्याचा चेहरा बदलला आणि तो पाठ फिरवून गेला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेला हा प्रसंग. कपड्याने दार उघडते आणि जात कळताच ते तोंडावर बंद होते, हे नऊ-दहा वर्षांच्या पोराने त्या फलाटावर अनुभवले. तरी पुढे आयुष्यभर त्यांनी कपड्याची हयगय केली नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती जाळल्यावर त्यांनी आपल्या बायांना सांगितले ते लुगडे नेसण्याबद्दल आणि कथलाचे दागिने टाकण्याबद्दल. कापड ठिगळाचे असले तरी चालेल, पण स्वच्छ असू द्या, असाच त्याचा आशय होता. कापड नवेच पाहिजे असे ते म्हणाले नव्हते.

हे मी पोराला सांगितले. पण आडनाव विचारणार नाहीत, असा दिलासा दिला नाही. खोटा दिलासा देऊन पोराला मुलाखतीला पाठवायचे नसते.

मास्तरांनी कंबर दीड इंच आत घेतली, बाही अर्धा इंच सोडली. साडेचारशे रुपये झाले, ड्रायक्लीन वेगळे. चार दिवसांनी पोरगा कोट घालून काकींपुढे उभा राहिला. मीही मुद्दाम गेलो होतो. काकी जागच्या हलल्या नाहीत. विचारले, "कुणी दिला?"

"कुणी दिला नाही आजी. घेतला. सातशेला."

"रोख?"

"रोख."

काकी उठल्या. चष्मा लावला. खांद्यावरून हात फिरवला, मास्तरांनी फिरवला होता तसाच. मला म्हणाल्या, "आमच्या बापाला दिलेलं नव्हतं रे भाऊ, टाकलेलं होतं. खाली वाकून उचलावं लागायचं." मग पोराला कोट काढायला लावला, आतला खिसा उलटा केला आणि ती पट्टी बघितली. वाचायला त्यांना चष्म्यातूनही वेळ लागला. वाचून झाल्यावर सुई मागवली आणि एकेक टाका करून पट्टी उसवली. कापडाला ओरखडा आला नाही.

पट्टी काढलेल्या जागी काय लावायचे म्हणून पोराने विचारले. काकी म्हणाल्या, "तुझं नाव लिव. धुवायला दिल्यावर हरवायला नको."

मुलाखत झाली, निकाल अजून आलेला नाही. परवा काकी जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांना वेगळीच काळजी लागली होती. पोरगा नोकरीला लागला, लग्न झाले, की अंग धरणार. मास्तरांनी आत दाब ठेवलाय ना, एवढे मला विचारून यायला सांगितले.